उन्हातली हजेरी

गेल्या जानेवारीत ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या गल्लीत, ऐंशी ओलांडलेल्या एक काकू न्हाणीघरात पडल्या आणि दीड दिवस कोणाला पत्ता लागला नाही. काकू वाचल्या, आता काठी घेऊन चालतातही. पण त्यानंतर गल्लीच्या व्हॉट्सॲप गटात जो वाद झाला, तो मी इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून वाचत होते, आणि त्यातली दोन्ही मते माझ्याच दिशेने येत होती. एका पक्षाचे म्हणणे असे की, मुले परदेशी गेली की म्हातारपणी हेच वाट्याला यायचे. दुसऱ्या पक्षाने इंग्लंडचा दाखला दिला : तिकडे माणूस गेला तरी आठवडा-आठवडा कळत नाही, आपल्याकडे निदान दीड दिवसात दार तरी फोडले गेले.

पहिल्या पक्षाला एवढेच सांगते की, काकूंची मुलगी भोपाळला असते. भोपाळहून असो वा लीड्सहून, फोन उचलला गेला नाही तर काळजी तेवढीच वाटते आणि हातही तेवढेच लांब पडतात. अशा वेळी उपयोगी पडतो तो भिंतीपलीकडचा माणूस, आणि त्याला दीड दिवस का कळले नाही, हा प्रश्न गटात कोणीच विचारला नाही.

माझ्या मते कारण साधे होते : तीन दिवस कोहरा, म्हणजे दाट धुके, होते. ग्वाल्हेरच्या थंडीत दहा वाजले की म्हातारी माणसे गच्चीवर नाहीतर ओट्यावर उन्हात येऊन बसतात. कोणी मटार सोलते, कोणी नुसतेच पाठ शेकते. ही न सांगता लागणारी हजेरीच असते. वाडे होते तेव्हा ती चौकातच लागे, कारण नळ एक, दिंडी दरवाजा एक, आणि सकाळी अमुक खोलीचे दार उघडले नाही हे चार जणांच्या नजरेतून सुटणे अशक्य होते. आपण त्याला शेजारधर्म म्हणत आलो. त्यात धर्म होताच, पण निम्मे काम वाड्याची रचना करत होती. आता बहुतेक वाड्यांच्या जागी तिमजली-चौमजली इमारती झाल्या, प्रत्येकाचा जिना आणि नळ वेगळा झाला. उरली ती उन्हातली हजेरी, आणि कोहरा पडला की तीही बुडते. नेमकी ज्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना सर्वांत जास्त धोका असतो, त्याच दिवसांत ती दिसेनाशी होतात.

धोका मोठा म्हणते, कारण थंडीबद्दल आपला एक गैरसमज आहे : थंडीचा त्रास काय तो विलायतेत. लीड्समध्ये बाहेर शून्याखाली दोन अंश असताना माझ्या घरात अठरा असतात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील तापमानाची किमान शिफारस तेवढीच केली आहे. ग्वाल्हेरचे आमचे दगडी, उंच छताचे घर मे महिन्याच्या झळांसाठी बांधलेले आहे, आणि कोहऱ्याच्या आठवड्यात आईच्या खोलीत भरदुपारी मी स्वतः तेरा अंश पाहिले आहेत. म्हणजे घरात बसून गारठण्याची पाळी येते ती तिच्यावर. वाढत्या वयात थंडीची जाणीव आणि कापरे भरणे दोन्ही मंदावतात, त्यामुळे ‘मला काही थंडी वाजत नाही’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो. शरीराचे तापमान पस्तिसाच्या खाली गेले की माणूस गोंधळतो, बोलणे जड होते, आणि आपण ते वयावर ढकलतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे तर त्याहून वाईट. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. या गोष्टी फोनवरून कळत नाहीत. त्यासाठी कोणीतरी खोलीत पाऊल टाकावे लागते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळते. इंग्लंडबद्दल ते म्हणतात ते पुष्कळसे खरे आहे. या देशाने २०१८ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, तो काही हौसेने नव्हे. नाताळच्या दिवशी येथे रेल्वे बंद, बहुतेक ठिकाणी बसही बंद, आणि पावणेचारला अंधार. ज्याच्याकडे मोटार नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी घरातच बसावे लागते. माझ्या समोर छ्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहतात. चार वर्षे मी त्यांचे दार वाजवले नाही. लुडबुड वाटेल, असे स्वतःला समजावत राहिले. मग एका डिसेंबरात रस्त्यावरच्या निवृत्त पोस्टमनने माझ्या हाती कागद ठेवला. त्यावर २४ डिसेंबर ते १ जानेवारी या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे कोणी त्यांच्याकडे डोकवायचे त्याचे नाव. माझ्याकडे २७ तारीख होती. मला तेव्हा ते फार कोरडे वाटले. आपुलकीची काय पाळी लावायची? पण २७ ला मी गेले, आणि पाळी नसती तर गेले नसते.

सरकारांचे हात या कामात तोकडेच पडतात. २०२४ मध्ये येथे वृद्धांना हिवाळ्यात मिळणारे दोनशे-तीनशे पौंडांचे इंधन अनुदान कमी उत्पन्नाच्या लोकांपुरते मर्यादित केले गेले, मोठा गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी ३५,००० पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांना ते परत मिळाले. पैशाने हीटर चालतो, हे खरेच. दार वाजवायला माणूस लागतो. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून निर्वाह मिळवून देतो, आणि त्याखालच्या आदर्श नियमांत तर पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवून महिन्यातून एकदा भेट द्यावी, असेही लिहिले आहे. नियम उत्तम आहे. आईच्या दारी मात्र इतक्या वर्षांत कोणी आलेले नाही. १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पण न्हाणीघरात पडलेल्या माणसाच्या हाताशी फोन नसतो.

आपल्याकडे पाळीचा कागद मुद्दाम करायचीही गरज नाही, कारण तो सणाच्या रूपाने तयार आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, ऐन थंडीत, बायका हळदीकुंकवासाठी घरोघरी जातात. फक्त त्या जातात सवाष्णींकडे. पडलेल्या काकू विधवा, माझी आईही विधवा. गल्लीत एकट्या राहणाऱ्या पाचही घरांत हेच आहे. ज्या घरी जाणे सर्वांत जरुरीचे, नेमकी तीच घरे आपण वगळतो. तिळगूळ द्यायला तर कोणतीच आडकाठी नाही, आणि ग्वाल्हेरला गजकचे, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचे, डबे घरोघरी असतातच.

गटात मी हे लिहिले. सुनांनी अंगठे उंचावले, दोघी-तिघींनी मौन पाळले. आईने मात्र फोनवर वेगळीच हरकत काढली : रोज कोणी बघायला येणार म्हणजे मी काय लहान मूल आहे? तिचे म्हणणे मला टाळता आले नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर असे ठरले की, जिना सामायिक असलेल्या वहिनींकडे एक किल्ली राहील, आणि कोहऱ्याच्या दिवशी आईच त्यांना साडेदहाला चहाला हाक मारेल. हाक आली नाही, तर वहिनी येतील. किल्ली दिली गेली आहे. आतली कडी काढायला मात्र ती अजून तयार नाही, आणि कडी लावलेली असेल तर किल्लीचा उपयोग नाही, हे तिलाही ठाऊक आहे.