थाळीच्या वजनात गाणं नसतं

“पैसे टर्नटेबलवर घाला, थाळी जड हवी. मग टोनआर्म, कार्ट्रिज शेवटी, स्पीकर सवडीने. उगमापाशी गेलेला आवाज पुढे परत मिळत नाही.” रेकॉर्ड ऐकणाऱ्यांत हा सल्ला पुन्हा फिरतोय. (टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, थाळी त्यावरची फिरती तबकडी, टोनआर्म सुई रेकॉर्डवर धरणारा दांडा, आणि कार्ट्रिज त्याच्या टोकाची, सुईची थरथर विजेत बदलणारी डबी.) तो नवा नाही. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने 1970च्या दशकात असंच काहीसं सांगून टर्नटेबलं विकली. शेवटचं वाक्य खरंही आहे, पण त्यातून आधीची यादी निघत नाही.

“थाळी जड हवी.” थाळीचं काम एकच, एका गतीने आणि आवाज न करता फिरणं. टेक्निक्स कंपनीचं 1979चं एसएल-1200 एमके2 हे टर्नटेबल ते 0.025 टक्के चढउतारात करतं. उलट रेकॉर्डचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर मध्यापासून 10 सेंटिमीटरवर गती दर फेऱ्याला अर्धा टक्का वरखाली होते. तानपुऱ्याचा षड्ज डुलायला लागतो. थाळी पाच किलोची असली तरी तो डुलणारच.

“कार्ट्रिज शेवटी.” माझं खरं भांडण इथे आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर धावते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले. आणि आपल्या ख्यालाच्या एलपीत विलंबित आधी, द्रुत नंतर. म्हणजे सगळ्यात वेगवान ताना नेमक्या सगळ्यात दाटीच्या जागी! गोल टोकाची सुई तिथल्या बारीक वळणांत नीट शिरत नाही, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. घरच्या जुन्या प्लेअरला मी फक्त लंबगोल टोकाची सुई लावली आणि सुईची जागा आणि कोन तपासायचा कागदी प्रोट्रॅक्टर ठेवून कार्ट्रिज दोन मिलिमीटर पुढे सरकवलं. तोवर पत्र्यावर वाजणारा द्रुतचा तबला कातड्यावर वाजू लागला.

टोनआर्मचं थोडक्यात: बेअरिंग सैल नको, वजन कार्ट्रिजला जुळणारं हवं. बास.

“फोनो प्रीॲम्प कुठलाही चालतो, केबल मात्र सोन्याची हवी,” अशी एक पुरवणीही असते. फोनो प्रीॲम्प म्हणजे कार्ट्रिजमधून निघणारा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र. नेमकं उलटं आहे. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, तेही खर्ज दाबून आणि वरचे सूर चढवून; खाच कापतानाच आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे तसं केलेलं असतं. प्रीॲम्पने ते बरोब्बर उलटवायचं, वर घूंऽऽ असा आवाजही येऊ द्यायचा नाही. केबलचं सोनं सोडा, कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची तिची क्षमता, बघा. ती जास्त झाली की वरचे सूर बिघडतात.

“स्पीकर सवडीने.” दोन धड टर्नटेबलांतला फरक कान देऊन शोधावा लागतो, दोन स्पीकरांतला शेजाऱ्यालाही कळतो. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढला तरी खर्ज बदलतो, आणि त्याला तर पैसेही पडत नाहीत.