देवाने माफ केलं, तरी मन का खातंय?

'येशूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलंय, आता मागचं विसरा.' जुन्या चुकीने पोखरलेल्या माणसाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हा सल्ला हमखास मिळतो. सिद्धांत म्हणून त्यात चूक नाही. पण घाईने दिला की माणूस आणखी खचतो. आधी केल्या गोष्टीची बोच होतीच, आता वर 'माझा विश्वासच तोकडा' ही दुसरी.

आधाराला फिलिप्पै ३:१३ काढतात; तिथे प्रेषित पौल म्हणतो की मागचं विसरून मी पुढे झेपावतो. त्याच्या आधीची वचनंही वाचा. पौल मागे टाकतोय त्यात मंडळीचा छळ आहे, तसंच त्याचं कुळ, परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचं असणं) आणि नियमशास्त्रातलं निर्दोषत्वही आहे. शिवाय छळ तो विसरलेला नाहीच. १ करिंथ १५:९ मध्ये आणि १ तीमथ्य १:१३ मध्ये तो स्वतःहून ते काढतो. आठवण शाबूत आहे, फक्त तिचा निकाल लागलेला आहे.

तो निकाल कसा लावायचा, हे उपदेशात फारसं येत नाही.

आधी पाप की हळहळ, हे वेगळं करा. खोटं सांगून कुणाची नोकरी घालवली, हे पाप. शिक्षणाची वाट चुकली, आईचं दुखणं वेळेत लक्षात आलं नाही, ही हळहळ. हळहळीची कितीही कबुली दिली तरी मन हलकं होत नाही, कारण क्षमा करण्यासारखं तिथे काही घडलेलंच नसतं. तिथे रडावं, स्तोत्र ४२ किंवा ८८ घेऊन देवापुढे तक्रार मांडावी. बायबलमध्ये तक्रारीला भरपूर जागा आहे.

पाप असेल तर 'प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर' इतक्यावर भागत नाही. लेवीय ५:५ सांगतं की ज्या बाबतीत पाप झालं तीच बाब कबूल करायची. कागदावर एक वाक्य लिहा: कुणाचं, काय केलं, नुकसान काय झालं. वाक्यात 'पण' आलं की पुन्हा लिहा. मग ते एका माणसापुढे मोठ्याने बोला (याकोब ५:१६). कॅथलिकांना कन्फेशन आहे, आणि तिथलं गुपित फादरांना कुठल्याही कारणाने फोडता येत नाही. इतरांनी पाळक किंवा एखादा मुरलेला विश्वासी शोधावा, पण ऐकलेलं पोटात ठेवणारा. नाहीतर तुमचं पाप 'प्रार्थनेचा विषय' होऊन संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत पोहोचतं.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते मन खात राहण्याचं मोठं कारण तेच: भरपाई. गणना ५:७ मध्ये हिशेब दिलाय, मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा. १०० घेतले असतील तर १२० परत. ज्याचं घेतलं त्याचं पुढे कुणी उरलं नसेल तर ती भरपाई परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे जाते (५:८). माणूस वारला म्हणून वाट बंद होत नाही. जकातदार जक्कय तर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट द्यायला निघाला. मात्र याने क्षमा विकत मिळत नाही. येशू जक्कयाच्या घरी उतरायला आधी निघाला, हिशेब नंतर झाला. आणि तुमच्या कबुलीने समोरच्याचा संसार मोडणार असेल, तर आधी पाळकांशी बोला. स्वतःचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकणं म्हणजे भरपाई नव्हे.

येशूला पैशासाठी पकडून देणाऱ्या यहूदाकडे नीट बघा. त्याला पस्तावा झाला, त्याने ३० नाणी परत केली, 'मी पाप केलं' असं तोंडाने म्हटलं (मत्तय २७:३-५). म्हणजे पायऱ्या जवळपास सगळ्या झाल्या. पण गेला तो मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी 'तुझं तू बघ' म्हणून वाटेला लावलं. त्यानंतर तो एकटा पडला. येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हणणाऱ्या पेत्राने भरपाई काहीच केली नव्हती, तो रडला आणि बाकीच्या शिष्यांत राहिला. योहान २१ मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी. नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता (१८:१८). येशू नकाराचा विषय नाव घेऊन काढत नाही. नकार तीन, तसे 'माझ्यावर प्रेम करतोस का?' हे प्रश्नही तीन, आणि दर उत्तरामागे एक काम: मेंढरं सांभाळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असं योहान लिहितो. तेवढं दुखतंच.

उलटी चूकही होते, तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करणं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या माँटसेराटच्या मठात तीन दिवस लिहून लिहून कबुली देत होता, तरी पुढे जवळच्या मनरेसा गावात काहीतरी राहिल्याची शंका त्याला छळत राहिली. 'अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग' असं त्याला बजावलं, तर त्याला सगळंच स्पष्ट वाटायचं! अखेर जुनी पापं पुन्हा सांगायचीच नाहीत असं त्याने ठरवलं, तेव्हा सुटका झाली. म्हणून कबुलीची तारीख लिहून ठेवा. आठवण आली की नवी क्षमा मागू नका, १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) म्हणून आभार माना आणि कामाला लागा. झोप-भूक उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवेत, आणि तेही लगेच.

'स्वतःला माफ कर' असा उपदेश मला बायबलमध्ये सापडत नाही. पौल तर म्हणतो, मी स्वतःचा न्यायही करत नाही (१ करिंथ ४:३).

राहिला तो, ज्याचं तुम्ही वाईट केलंत. त्याने माफ करावंच असा आग्रह तुम्हाला धरता येत नाही. रोम १२:१८ तुमच्याकडून होईल तेवढंच मागतं. माफी एकदा मागा, पैसे पोचते करा. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज पाठवू नका.