‘पंधरा दिवस माती उपसून हाती काय लागले?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सादर नमस्कार,

उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन लष्करी छावणीच्या उत्खननावरच्या माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: लेखात इतिहासाची एक ढोबळ चूक आहे, स्वतःच्या पदरचे पैसे भरून पंधरा दिवस माती उपसली आणि एकही लेखपट्टी (शाईने मजकूर लिहिलेली लाकडाची पातळ पट्टी) हाती लागली नाही, तरी त्याला ‘शिक्षण’ म्हणणे ही केवळ मनाची समजूत आहे, आणि रोमन छावणीचे कौतुक करताना मी ज्यांच्या भूमीवर ती छावणी होती त्या लोकांना विसरले आहे.

चूक मला पूर्णपणे मान्य आहे. ‘हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या सैनिकांची पत्रे’ असे मी लिहिले होते, आणि ते साफ चुकीचे आहे. रोमन सम्राट हेड्रियनने ब्रिटनच्या उत्तर सीमेवर उभारलेल्या या भिंतीचे बांधकाम इ.स. १२२ च्या सुमारास सुरू झाले, तर विंडोलांडात सापडलेल्या बहुतेक लेखपट्ट्या साधारण इ.स. ९० ते १२० या काळातल्या आहेत. विंडोलांडाचा पहिला लाकडी किल्ला त्याहीआधी, इ.स. ८५ च्या आसपास, स्टेनगेट नावाच्या रस्त्यालगत उभा राहिला. भिंत तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटर उत्तरेला असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही गोष्टी सहज एकत्र होतात. पण रोज सकाळी त्याच चरात उतरणाऱ्या विद्यार्थिनीच्या मनात त्या व्हायला नको होत्या.

‘हाती काहीच लागले नाही’ या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचे कारण जरा सविस्तर सांगावे लागेल. विंडोलांडात नवी तुकडी आली की जुन्या लाकडी इमारती पाडल्या जात आणि त्यांच्यावर गवताळ मातीचे व चिकणमातीचे थर पसरून नवे बांधकाम केले जाई. त्या थरांखाली प्राणवायू पोहोचला नाही, कुजवणाऱ्या जिवाणूंचे काही चालले नाही, आणि म्हणून एरवी नष्ट होणारे लाकूड, चामडे, कापड तेथे टिकले. चामड्याचे जोडे आणि चपलाच पाच हजारांहून अधिक निघाल्या आहेत. या थरात काम करताना जमिनीवर अंथरलेल्या नेच्याचे आणि गवताचे दबलेले ढेकूळ फावड्याने कापून बाहेर काढायचे आणि हातांनी पदर न् पदर सोडवून पाहायचे असते. वास फार उग्र येतो. अशा शंभर ढेकळांत बहुधा नेचाच निघतो.

पण तो नेचा कोठे आहे आणि कोठे नाही, हीच माहिती असते. आमच्या चराच्या एका कोपऱ्यात त्याचा थर एकाएकी संपला, तेव्हा तेथे खोली संपून बाहेरची मोकळी जागा सुरू होत असावी, असे आमच्या पर्यवेक्षकांनी दाखवून दिले. एकदा खणलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून तो उचलण्यापूर्वी त्याला क्रमांक द्यायचा, त्याची पातळी मोजायची, रेखाटन करायचे आणि छायाचित्र घ्यायचे. माझ्या पंधरा दिवसांतला बराच वेळ ढकलगाडी ओढण्यात आणि उरलेल्यातला बराचसा या नोंदींत गेला, हे खरे आहे.

यातला एक प्रसंग मी मूळ लेखात संकोचाने गाळला होता. पहिल्याच आठवड्यात घाईघाईने थापी चालवताना मी जोड्याच्या तळव्याचा एक तुकडा कापला. मला बोलणी बसतील असे वाटले होते; त्याऐवजी नोंदीत ‘ही कड आजची आहे, उत्खननात कापली गेली’ असे माझ्याच हाताने लिहायला लावले. ते लिहिले नसते, तर तो काप अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या चांभाराचा समजला जाण्याची शक्यता होती. हे मला वर्गात कोणी सांगितले असते, तर मी मान डोलावून विसरले असते.

आपण लेखपट्ट्यांचाच निकष लावता, तर १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना पहिल्या पट्ट्या सापडल्या तेव्हा त्या एकमेकींना चिकटलेल्या लाकडाच्या ढलप्यांसारख्या दिसत होत्या. वेगळ्या केल्यावर शाईची अक्षरे दिसली, हवा लागताच ती पुसट झाली आणि पुढे अवरक्त छायाचित्रणामुळे ती वाचता आली. केवळ मौल्यवान वस्तू शोधणाऱ्याने त्या ढलप्या उपसलेल्या मातीच्या ढिगावर टाकल्या असत्या.

पैशांबद्दल मात्र आपण लिहिले आहे त्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. या स्थळाचे काम १९७० मध्ये स्थापन झालेली एक धर्मादाय संस्था पाहते आणि उत्खननाचा मोठा भार शुल्क भरून येणारे स्वयंसेवक उचलतात. माझी त्यात फसवणूक झाली, असे मला वाटत नाही. परंतु ‘इच्छा असेल तो कोणीही जाऊ शकतो’ हे माझे वाक्य खोटे होते. शुल्काखेरीज विमानप्रवास, व्हिसा आणि राहण्याचा खर्च असतो. पुरातत्त्वात पुढे काम मिळवायचे तर प्रत्यक्ष उत्खननाचा अनुभव विचारला जातो, आणि तो विकत घेणे ज्यांना परवडत नाही ते पहिल्याच पायरीवर मागे राहतात.

स्थानिकांविषयीचा आपला आक्षेप बराचसा रास्त आहे. मी क्लॉडिया सेव्हेराने सल्पिसिया लेपिडिनाला (दोघीही छावण्यांच्या अधिकाऱ्यांच्या पत्नी) पाठवलेले वाढदिवसाचे निमंत्रण उद्धृत केले, कारण ते मोहक आहे. त्याच संग्रहातल्या एका टिपणात ब्रिटनच्या लढवय्यांचा ‘ब्रितुन्कुली’, म्हणजे ‘हे क्षुद्र ब्रिटनवासी’, असा उपहासाने उल्लेख येतो. दुसऱ्या एका मजकुरात समुद्रापलीकडून आलेला एक माणूस, आपण निरपराध असताना आपल्याला छड्यांनी मारले गेले, अशी दाद मागतो. हे दोन्ही त्या निमंत्रणाशेजारी असायला हवे होते. मात्र या छावणीला सरसकट ‘रोमन’ म्हणून बाजूला सारणेही बरोबर नाही. तेथील बटाव्हियन आणि टुंग्रियन तुकड्या आजच्या नेदरलँड्स व बेल्जियमच्या प्रदेशात उभारलेल्या होत्या, आणि याच बटाव्हियनांनी इ.स. ६९-७० मध्ये रोमविरुद्ध बंड केले होते. टुंग्रियन तुकडीच्या एका हजेरीपत्रकात ७५२ जणांपैकी केवळ २९६ जण छावणीत हजर दाखवले आहेत, आणि त्यांतही ३१ आजारी, जखमी किंवा डोळे आलेले आहेत. यात मला साम्राज्याचे वैभव दिसत नाही. स्थानिक ब्रिटनवासीयांनी स्वतः लिहिलेले काही या पट्ट्यांतून क्वचितच ऐकू येते, ही उणीव मी लेखात स्पष्टपणे सांगायला हवी होती.

भिंतीविषयीचे आणि ‘कोणीही जाऊ शकतो’ हे, अशी दोन्ही वाक्ये मी आज दुरुस्त केली आहेत. जुनी वाक्ये पुसलेली नाहीत. ती खोडलेल्या अक्षरांत, दुरुस्तीच्या तारखेसह तशीच ठेवली आहेत, म्हणजे आपली प्रतिक्रिया कशाबद्दल होती ते नंतर येणाऱ्या वाचकाला कळेल.