बाहेरच्या कंपनीची एसएसडी टाकलेल्या मॅकमध्ये ट्रिम चालू करू नका म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

परवा मावसभावाचा फोन आला. "दादा, जुन्या मॅकबुकमध्ये एसएसडी टाकून घेतली, मस्त पळतंय, पण ट्रिम चालू केलं की डेटा उडतो म्हणे, मग करू का नको?" आणि पाठोपाठ त्याने तो मेसेज पाठवला. (एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि ट्रिम म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे मॅकने त्या डिस्कला कळवणं.) हा मेसेज मला आत्तापर्यंत निदान चार जणांनी तरी पाठवलाय, दरवेळी मी त्या त्या माणसाला फोनवर समजावतो आणि विषय तिथेच राहतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मॅकमध्ये ॲपलची नसलेली एसएसडी टाकली असेल तर ट्रिम अजिबात चालू करू नका, कारण आजकालच्या एसएसडी स्वतःच साफसफाई करतात, ट्रिम लागतच नाही. ॲपलने स्वतः इशारा दिलाय. सॅमसंगच्या ड्राईव्हवर ट्रिममुळे डेटा खराब झाल्याचं सिद्ध झालंय. ट्रिम सारखं पुसत राहतं त्यामुळे एसएसडीचं आयुष्य कमी होतं. आणि एकदा ट्रिम चालू केलं की चुकून डिलीट झालेली फाईल कधीच परत मिळत नाही.

यातला शेवटचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. बाकीचे चार चुकीचे किंवा अर्धवट आहेत.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना, आणि खरी गोम तिथेच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. एसएसडीमध्ये डेटा पेजमध्ये लिहिला जातो, एक पेज साधारण ४ ते १६ केबीचं, आणि अशी शेकडो पेजं मिळून एक ब्लॉक. लिहिताना एकेक पेज लिहिता येतं पण पुसताना अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. पाटीवरची एकच ओळ पुसायची सोय नाही, पुसायची तर सगळी पाटी असं समजा. म्हणजे त्या ब्लॉकमध्ये कामाची काही पेजं असतील तर ती आधी दुसरीकडे उतरवून घ्यायची आणि मग ब्लॉक कोरा करायचा, यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात आणि हो, ते प्रत्येक एसएसडीमध्ये असतं, मेसेज तिथपर्यंत बरोबर आहे.

पण कामाचं पेज कुठलं आणि रद्दी कुठली हे ड्राईव्हला कळणार कसं? तुम्ही ट्रॅश रिकामा केला की मॅक फक्त स्वतःच्या वहीत नोंद करतो की ही जागा आता मोकळी, ड्राईव्हला काहीच सांगत नाही. ड्राईव्हला ते कळतं फक्त त्याच जागेवर पुन्हा काहीतरी लिहिलं गेलं तर. तोपर्यंत तुम्ही सहा महिन्यांपूर्वी उडवलेला पिक्चरसुद्धा तो जिवापाड सांभाळतो, एका ब्लॉकमधून दुसऱ्या ब्लॉकमध्ये उचलून ठेवतो. घर बदलताना रद्दीचे गठ्ठेपण टेम्पोत चढवले आणि नव्या घरी नीट रचून ठेवले तसं, आणि दर काही दिवसांनी पुन्हा घर बदलायचं. ट्रिम म्हणजे फक्त एवढंच, की मॅकने ड्राईव्हला सांगायचं, बाबा रे या या पत्त्यावरचं आता नको आहे. ट्रिम आणि गार्बेज कलेक्शन एकमेकांना पर्याय नाहीतच, एक सांगणारा आहे आणि दुसरा करणारा.

आणि यातला लोकांच्या लक्षात न येणारा भाग असा की फाईंडरमध्ये ५०० जीबीपैकी ३०० जीबी मोकळे दिसत असले तरी, सगळे पत्ते एकदा लिहून झालेत आणि ट्रिम बंद आहे, तर ड्राईव्हच्या लेखी तो काठोकाठ भरलेला असतो. त्याच्याकडे हालचालीला उरते ती कंपनीने आतमध्ये राखून ठेवलेली थोडी जागा. ती असते म्हणून ट्रिम नसलेली एसएसडी लगेच बंद पडत नाही, हलकं काम असेल तर वर्षानुवर्षं काही जाणवतही नाही, मी उगाच घाबरवणार नाही. काही जुन्या सँडफोर्स कंट्रोलरवाल्या (कंट्रोलर म्हणजे ड्राईव्हचं आतलं काम सांभाळणारी चिप) ड्राईव्हमध्ये डेटा आतल्या आत कॉम्प्रेस व्हायचा, राखीव जागाही बरीच असायची, तिथे ट्रिम नसल्याचा फरक कमी पडायचा आणि "गरज नाही" हे वाक्य बहुतेक त्याच काळातून चालत आलंय. पण फोटो व्हिडिओवाल्यांचं काम असं नसतं. कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेले, त्यांना अजून दाबता येत नाही, आणि दर आठवड्याला ६४ जीबीची कार्डं उतरवायची, निवडायची, अर्धं उडवायचं, परत उतरवायची. माझा स्वतःचा २०१२ चा तेरा इंची मॅकबुक प्रो मी असाच वापरला, ट्रिम बंद ठेवून, आणि साधारण वर्षभराने कार्ड कॉपी होताना मध्येच पट्टी थांबायला लागली, दहा सेकंद काही नाही, मग एकदम पुढे. ड्राईव्हची तब्येत चांगली दाखवत होती. ट्रिम चालू करून जुनी मोकळी जागा एकदा कळवून टाकल्यावर ते थांबणं गेलं.

आता ॲपलच्या इशाऱ्याचं. इशारा खरा आहे, आणि सौम्य नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकच्या कमांड टाईप करायच्या ॲपमध्ये, सुडो ट्रिमफोर्स एनेबल ही कमांड दिली की समोर मोठा मजकूर येतो, की जोडलेल्या सगळ्या संबंधित ड्राईव्हवर ट्रिम जबरदस्तीने चालू होईल, हे ड्राईव्ह ट्रिमसाठी तपासलेले नसू शकतात, डेटा जाऊ शकतो, बॅकअप घ्या, महत्त्वाच्या डेटासाठी वापरू नका, कसलीही हमी नाही. मेसेजवाल्याने एवढंच उचललं. पण ही कमांड आणली कोणी? ॲपलनेच, ओएस एक्स १०.१०.४ मध्ये, जून २०१५ ला. इशाऱ्यात हे ड्राईव्ह खराब आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही, आम्ही तपासलेले नाहीत एवढंच म्हटलंय, आणि जगभरात विकला जाणारा प्रत्येक मॉडेल आणि प्रत्येक फर्मवेअर (ड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) तपासून हमी देणं कुठल्याच कंपनीला जमणार नाही.

त्याच्या आधीची गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती माहीत नसली की गोंधळ होतो. २०११ पासून मॅकमध्ये ट्रिम होतं पण फक्त ॲपलचा शिक्का असलेल्या एसएसडीसाठी, सिस्टीम ड्राईव्हचं नाव बघायची आणि त्यात ॲपल नसेल तर ट्रिम देत नसे. मग लोक ट्रिम एनेबलरसारखी ॲप वापरून सिस्टीमची ड्रायव्हर फाईलच बदलायचे. २०१४ मध्ये योसेमिटी ही मॅकच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली, त्यात अशा फाईलींवरची डिजिटल सही तपासायला सुरुवात झाली, आणि ट्रिमसाठी ती तपासणीच पूर्ण बंद करावी लागायची, म्हणजे सुरक्षेचा एक दरवाजा उघडा. वर कधी पीरॅम (मॅकच्या मूळ सेटिंग ठेवणारी छोटी मेमरी) रीसेट केला की ती सेटिंग उडायची आणि मॅक चालू होताना राखाडी स्क्रीनवर तिरकी रेघ मारलेल्या गोलाचं चिन्ह येऊन थांबायचा. त्या काळात कोणी म्हणत असेल की ट्रिमच्या भानगडीत पडू नका तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण तो सल्ला साधारण आठ-नऊ महिन्यांपुरता होता, ट्रिमफोर्स आल्यावर सही तपासणी बंद करायची गरजच संपली. तोच सल्ला आजही तारीख न लावता फिरतोय.

अजून एक गोष्ट, ॲपलचा शिक्का असलेल्या त्या काळातल्या एसएसडी बनवायचं कोण? मॉडेल नंबरात एसएम असेल तर सॅमसंग, टीएस असेल तर तोशिबा, एसडी असेल तर सँडिस्क. फर्मवेअर ॲपलसाठी वेगळं असायचं हे मान्य, पण बाहेरच्या कंपनीचा ड्राईव्ह म्हणजे कुठलीतरी वेगळीच जात आहे असं नाही. आणि विंडोज ७ तर २००९ पासून कुठल्याही कंपनीच्या एसएसडीला ट्रिम पाठवतंय, शिक्का न बघता. ट्रिमने सरसकट डेटा उडत असता तर ते सगळ्यात आधी तिकडे, करोडो कॉम्प्युटरवर दिसलं असतं.

सॅमसंगचा मुद्दा. इथे दोन वेगवेगळ्या घटनांची खिचडी झालीय. २०१५ च्या जूनमध्ये अल्गोलिया नावाच्या सर्च सेवा देणाऱ्या कंपनीच्या लिनक्स सर्व्हरवर फाईलींचे तुकडे शून्य झालेले सापडले, त्यांनी संशय सॅमसंगच्या ड्राईव्हवर घेतला, बातमी सगळीकडे गेली. पुढे सॅमसंगच्याच इंजिनियरांनी शोधून काढलं की दोष लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये होता, अनेक ड्राईव्ह रेडमध्ये (मिळून एकच ड्राईव्ह असल्यासारखे) जोडलेले असताना ट्रिमची कमांड वाटून देणाऱ्या भागात, आणि त्याची दुरुस्तीही दिली गेली. ही दुसरी बातमी पहिलीइतकी फिरली नाही. ड्राईव्ह निर्दोष होता आणि मॅकचा तर तिथे संबंधच नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे लिनक्सने सॅमसंगच्या ८४० आणि ८५० मालिकेतल्या आणि क्रुशियलच्या काही ड्राईव्हना एका यादीत टाकलं, ती यादी खरी आहे, पण ती फक्त रांगेत लावून, म्हणजे बाकीच्या कमांडबरोबर एकत्र पाठवायच्या ट्रिमसाठी. त्या ड्राईव्हना साधं ट्रिम लिनक्स आजही पाठवतो. "लिनक्सने सॅमसंगवर ट्रिम बंद केलं" हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे.

आयुष्य कमी होतं हा मुद्दा पटकन उरकतो कारण तो सरळ उलटा आहे. ट्रिम स्वतः काही पुसत नाही, नोंद देतं. झीज होते ती लिहिण्याने, आणि ट्रिम नसेल तर तीच रद्दी पुन्हा पुन्हा लिहिली जाते, म्हणजे तुम्ही १ जीबी लिहिलं तर आत त्याहून बरंच जास्त लिहिलं जातं. सॅमसंग ८५० ईव्हो २५० जीबीची वॉरंटी ७५ टीबी लिखाणापर्यंत होती, त्यातलं थोडंतरी उडवलेल्या फाईली इकडून तिकडे हलवण्यात का घालवायचं?

राहिला डिलीट झालेल्या फाईलचा मुद्दा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. ट्रिम चालू असताना जागा मोकळी झाली की रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे बहुतेक वेळा शून्यंच मिळतात. हार्डडिस्कवर ज्यांनी पूर्वी चुकून उडवलेले लग्नाचे फोटो परत मिळवलेत त्यांना हे जड जातं, मला कळतं. पण ॲपलच्या स्वतःच्या एसएसडीवर २०११ पासून हेच आहे, आणि ट्रिम बंद ठेवून रिकव्हरीच्या भरवशावर बसणं म्हणजे कधी काय मिळेल याचा नेम नाही. टाइम मशीन, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपसाठी एक साधी हार्डडिस्क ठेवा, तिथून फाईल नक्की मिळते. एपीएफएसवर (मॅकची फाईली ठेवायची नवी पद्धत) टाइम मशीन चालू असेल तर लोकल स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे ड्राईव्हवरच ठेवलेल्या त्या वेळच्या स्थितीत, असलेली फाईल उडवली तरी तिची जागा स्नॅपशॉट जाईपर्यंत मोकळी होत नाही, म्हणजे ट्रिमही लगेच जात नाही, तेवढा थोडा अवधी मिळतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायचीय, कारण ट्रिमवर फुकटचा आळ यातूनच येतो. तेरा इंची २०१२ च्या मॉडेलमध्ये ड्राईव्हची चपटी केबल खराब होणं ही रिपेअरवाल्यांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. माणूस नवीन एसएसडी टाकतो, ट्रिम चालू करतो, महिन्याने मॅक अडकायला लागतो, फाईली उघडत नाहीत, आणि नाव ट्रिमचं होतं. आधी स्मार्टच्या नोंदीत, म्हणजे ड्राईव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो त्या नोंदीत, सीआरसी एरर काउंट (डेटा पोचताना झालेल्या चुकांचा आकडा) बघा. तो वाढत असेल तर डेटा केबलमध्ये अडखळतोय, केबल बदला, ट्रिम बंद करून काही होणार नाही.

हे सगळं मॅकमध्ये आत बसवलेल्या साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीच्या) एसएसडीबद्दल आहे, जुने मॅकबुक प्रो, मॅक मिनी, आयमॅक. एनव्हीएमई, म्हणजे नव्या जास्त वेगवान जोडणीची असेल तर मॅक ट्रिम स्वतःच देतो, ट्रिमफोर्स लागत नाही. यूएसबीच्या डबीतल्या साटा ड्राईव्हपर्यंत ट्रिमफोर्स पोचत नाही, तिथे वाट बघू नका. आणि बॅकअपच नसेल तर आज कमांड देऊ नका, आधी बॅकअप, यात ॲपलचा इशारा शंभर टक्के बरोबर आहे.

मावसभावाला मी सांगितलं ते असं. आज रात्री टाइम मशीनचा पूर्ण बॅकअप घे आणि त्यातून एखाद-दुसरी फाईल उघडून बघ. उद्या सकाळी कमांड दे, दोनदा वाय विचारेल, मशीन आपणहून रीस्टार्ट होईल, वेळ लागला तरी बटण दाबून बंद करू नकोस. मग सिस्टीम रिपोर्टमध्ये साटाखाली जाऊन ट्रिम सपोर्टसमोर येस आलंय का बघ. तुझा ड्राईव्ह एपीएफएस असेल तर मोकळी जागा माउंट होतानाच कळवली जाते, पण तू अजून जुन्या एचएफएस प्लसवर असशील तर आधी उडवलेल्या फाईलींची जागा आपोआप कळवली जाणार नाही, त्यासाठी मॅक चालू होताना कमांड आणि एस ही बटणं दाबून सिंगल युजर मोडमध्ये (नुसत्या कमांड टाईप करायच्या स्क्रीनवर) जा, एफएससीके डॅश एफएफवाय असं टाईप कर आणि ट्रिमिंग अनयूज्ड ब्लॉक्स ही ओळ येऊन जाईपर्यंत थांब. आणि पुढे कधी सिस्टीम नव्याने टाकलीस तर ते येस पुन्हा एकदा बघून घे.