पावडरीने चॅनल दुरुस्त होत नाही

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला, "हे वाच. आठवडाभर गोळी बंद करून बघू का?" खाली एक फॉरवर्ड. तो मी त्याआधी तीन ग्रुपवर बघून न वाचताच सरकवला होता, ही माझी चूक. तिच्या १४ वर्षांच्या मुलीला लाँग क्यूटी सिंड्रोम आहे. म्हणजे ठोक्यानंतर हृदय सावरायला जास्त वेळ घेतं, आणि ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबतं. दोन वर्षांपूर्वी पोहताना तिची शुद्ध हरपली होती, वेळेवर बाहेर काढलं म्हणून वाचली. तेव्हा माझा सूर चढला तर चढू दे.

फॉरवर्ड म्हणतो, ईसीजीत क्यूटी लांबला म्हणजे मॅग्नेशियम-पोटॅशियम कमी पडलं. पावडर घ्या, गोळ्या २१ दिवस बंद करून फरक बघा. जनुकांचा बाऊ कंपन्यांनी केलाय. आईवडील ठणठणीत असताना आनुवंशिक दोष येईल कुठून? आणि आजार म्हणे लाखात एकाला.

आधी गोळीचं. हृदयाच्या पेशी प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत व्हाव्या लागतात. त्यासाठी पोटॅशियम पेशीबाहेर जातं, ते चॅनलमधून, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या बारीक दारांतून. असा एक चॅनल केसीएनक्यू१ या जनुकावरून बनतो. धावताना, पोहताना अॅड्रेनॅलिन वाढलं की नाडी जलद होते आणि नेमकं तेव्हाच या चॅनलने जास्त काम करायचं असतं. या मुलीचा हाच चॅनल अधू आहे. पेशी सावरायच्या आत पुढचा ठोका येऊन धडकतो, लय बिघडते, माणूस कोसळतो. तिची गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकर, अॅड्रेनॅलिनचा हा जोर अडवते. आणि ती गोळी एकदम तोडली तर काही दिवस हृदय अॅड्रेनॅलिनला उलट जास्तच संवेदनशील होतं. म्हणजे "२१ दिवस बंद करून बघा" हा सल्ला त्यातल्या त्यात सगळ्यात वाईट दिवसांत मुलीला उघडं पाडतो. फरक बघायचाय म्हणे! या आजारात फरक कळतो तो बेशुद्धीतून, नाहीतर त्याहून वाईट मार्गाने.

पोटॅशियम-मॅग्नेशियमबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. ही खनिजं घटली तर धडधाकट माणसाचाही क्यूटी लांबतो. जुलाब-उलट्यांनंतर अशा पेशंटची पातळी डॉक्टर मुद्दाम तपासतात. पण हिची पातळी दर वेळी व्यवस्थितच निघालीय. मुळात चॅनलच अधू घडलाय, तो पावडरीने नव्याने घडत नाही.

काही अँटिबायोटिक्सनीसुद्धा क्यूटी लांबतो. जपायचं असेल तर ती यादी जपा. फॉरवर्डमध्ये तिचा पत्ताच नाही.

लाखात एक? इटलीत ४४ हजारांवर नवजात बाळांचे ईसीजी काढले, २००९ साली निष्कर्ष छापून आले. प्रमाण निघालं साधारण दोन हजारांत एक. शिवाय बाळात दोष सापडल्यावर घरच्यांची तपासणी झाली, तर त्यांच्यातही तोच दोष सापडला. यात "ठणठणीत आईवडील" हा मुद्दाही निकालात निघतो. हा दोष बहुतेक वेळा दोघांपैकी एकाकडूनच येतो. ज्यांच्यात तो असतो त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याचा ईसीजी एरवी नॉर्मल दिसतो, आणि कित्येकांना आयुष्यात एकदाही चक्कर येत नाही.

हे सगळं बहिणीला लिहून पाठवलं. गोळी चालू आहे. मग विचारलं, "ताई, तुम्हा दोघांची जनुक तपासणी झाली का गं?"

उत्तर आलं, "आम्हाला काय झालंय?"