तारेजवळचं घर

पुण्यात ताईच्या सोसायटीत दोन महिने एकच वाद चाललाय: गेटजवळ नवा ट्रान्सफॉर्मर बसवू द्यायचा की नाही. निम्मे लोक म्हणतात, त्याने कॅन्सर होतो. उरलेले म्हणतात, ही अडाणी भीती आहे. ताईने विचारलं, "तुमच्या नेदरलँड्समध्ये काय करतात गं?"

ते मला घर शोधताना कळलं. लेक दीड वर्षाची होती, घर मनात भरलं होतं, पण खिडकीतून हाय टेन्शन लाईनचे मनोरे दिसायचे. चौकशी केली तेव्हा 0.4 मायक्रोटेस्ला हा आकडा समोर आला; मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. 2005 साली सरकारने नगरपालिकांना सल्ला दिला होता, की उच्चदाबाच्या तारांजवळ जिथे चुंबकीय क्षेत्राची वार्षिक सरासरी याहून जास्त असेल, तिथे मुलं दीर्घकाळ राहतील अशी नवी घरं, शाळा, पाळणाघरं शक्यतो उभी करू नका.

हा आकडा धोक्याची रेषा नाही, आणि मला सांगायचंय ते इथेच आहे. 2000 साली अनेक देशांच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा 0.4 च्या वर राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. अशी मुलं फारच थोडी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये विजेच्या अशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं. पेशीत मात्र याचं कारण सापडलेलं नाही. पेशीच्या पातळ आवरणावर मुळातच मीटरला सुमारे 1 कोटी व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र असतं. घरच्या विजेचं, म्हणजे 50 हर्ट्झचं, 100 मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र, म्हणजे युरोपने 1999 मध्ये सुचवलेली मर्यादा, शरीरात मीटरला काही मिलिव्होल्टच निर्माण करतं. रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. तरीही मुलांच्या त्या आकडेवारीचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही.

डच लोकांनी त्या उत्तराची वाट पाहिली नाही. नवं बांधताना चार पावलं मागे सरकणं स्वस्त पडतं, म्हणून ते सरकले. आपल्याकडे वाद 'कॅन्सर' आणि 'अंधश्रद्धा' यांच्यात अडकतो आणि मोजमाप कुणीच मागत नाही. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र काही मीटरांतच झपाट्याने उतरतं, हे मोजायचं यंत्र आणलं तर अर्ध्या तासात कळेल. गच्चीला टेकलेल्या तारांना पतंग काढताना चिकटून मुलं मरतात, त्याला तर कसलाच पुरावा लागत नाही. त्यावर मात्र एकही सभा होत नाही, याचा मला राग येतो.

मग ताईला नकाशा पाठवायला सांगितला. ट्रान्सफॉर्मरची जागा कुणाच्याच फ्लॅटला लागून नाही. वॉचमनकाकांच्या खोलीला आहे, आणि त्यांची दोन्ही मुलं त्याच भिंतीशी झोपतात. "आधी त्यांची खोली हलवा," मी लिहिलं. "वर्गणी माझ्याकडूनही घे."