‘लिथियम सोडा, गांजा घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. बायपोलर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार) असलेल्यांनी लिथियमसारखी ‘केमिकल’ औषधं सोडून रोज थोडा गांजा घ्यावा, असा त्याचा एकूण सूर. त्यात म्हटलंय: लिथियमने किडनी जाते. गांजा नैसर्गिक आहे, महादेवाचा प्रसाद आहे, त्याने मूड स्थिर राहतो, झोप लागते, व्यसन लागत नाही. गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या कमिशननेही त्याला निर्दोष ठरवलं होतं आणि आता परदेशात डॉक्टर तो लिहून देतात. पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. दर महिन्याला लिथियम नेणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांच्यातलेच काही जण हा मेसेज दाखवून ‘खरं आहे का हो?’ विचारू लागलेत. म्हणून हे लिहितोय.

किडनीचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यात तथ्य आहे. वर्षानुवर्षे लिथियम घेणाऱ्या काही जणांच्या मूत्रपिंडावर आणि थायरॉइडवर परिणाम होतो. म्हणूनच तर रक्त तपासतात. लिथियमची लेव्हल बहुतेकांसाठी लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या आसपास ठेवतात, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्या साधारण सहा महिन्यांनी करतात. लेव्हल दीडच्या वर गेली की हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो. अशा वेळी सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणि ती अचानक वाढण्याची नेहमीची कारणं अगदी साधी असतात: उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होणं, निर्जळी उपास, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. लिथियम चालू असलेल्या माणसाला मी परस्पर पेनकिलर देत नाही, ते यामुळेच. म्हणजे धोका आहे, पण तो मोजता येतो आणि वेळेत पकडता येतो. गांजाच्या पुडीत टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, किती आहे, हे ती विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. लिथियम एकदम बंद केलं, तर पुढच्या काही महिन्यांत मेनिया, म्हणजे बेफाम उत्साहाचा झटका, परत येण्याची शक्यता खूप वाढते. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये मेनियावर लिथियमचा उपयोग दाखवला. त्यानंतर कितीतरी औषधं आली, पण बायपोलरमधला आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत सर्वात भक्कम पुरावा आजही याच औषधाच्या बाजूने आहे. ते सोडायला सांगणाऱ्याने निदान एवढं तरी वाचायला हवं होतं.

‘नैसर्गिक’ म्हणाल, तर धोत्राही नैसर्गिकच. महादेवाला तोही वाहतात. देवळातून घरी आल्यावर धोत्र्याचं फळ कुणी मुलाच्या ताटात वाढत नाही. आणि लिथियमही खडकात, खाऱ्या पाण्यात सापडतंच.

साधूंचा दाखला आपल्याकडे फार चालतो. सिंहस्थ जवळ आलाय, त्यामुळे आणखीच. तपोवनात, त्र्यंबकेश्वरी चिलीम ओढणारे साधू आपण लहानपणापासून बघितलेत. त्यांच्या साधनेबद्दल मला आदर आहे. पण ज्यांना ते सोसलं, तेवढेच आपल्याला दिसतात. सातपूरला शिफ्टची नोकरी आणि घरी लहान मूल असलेल्या, दोनदा मेनिया होऊन गेलेल्या तिशीतल्या माणसाने त्यावरून काय ठरवायचं?

इंग्रजांच्या कमिशनचं नाव तर अर्धवटच घेतलंय. १८९३-९४ च्या त्या कमिशनने माफक वापराने मनावर अपाय होत नाही असं म्हटलं, हे बरोबर. पण अतिवापराने वेड लागू शकतं, आणि मुळात मनाचा दुबळेपणा किंवा आनुवंशिक कल असेल तर विशेषच, हेही त्याच अहवालात आहे. बायपोलर घराण्यात चालत येतो, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे कमिशनचा इशारा नेमका ज्यांच्यासाठी होता, त्यांनाच हा मेसेज पाठवला जातोय.

आता मूड आणि झोप. गांजा ओढल्यावर काही तास मन सैल पडतं, कुणाकुणाला झोपही लवकर लागते. ज्यांना तसं वाटतं ते खोटं बोलत नाहीत, आणि ज्याच्या डोक्यात विचार थांबत नाहीत त्याला ते काही तास किती मोलाचे वाटत असतील, हे मला कळतं. पण बायपोलर हा महिन्यांच्या हिशोबाने चालणारा आजार आहे. २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात गांजा घेणाऱ्यांना मेनियाची लक्षणं नव्याने सुरू होण्याचा धोका जवळपास तिप्पट दिसला. अभ्यास मोजके होते, आणि मेनियाच्या सुरुवातीलाच काही जण गांजाकडे वळतात, हेही धरायला हवं. पण २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हाही गांजाच्या आहारी गेलेल्यांमध्ये बायपोलरचं प्रमाण वाढलेलंच आढळलं.

मध्यंतरी एका आईने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि लिथियमच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘भाऊ, ही नको, बाकीच्या द्या. मुलगा म्हणतो, आता तिच्यावाचून भागतं.’ मी विचारलं, ‘काकू, झोपतो का नीट?’ ‘तीनला उठतो. गाडी धुतो, गंगेवर जाऊन येतो, तरी दिवसभर ताजातवाना.’ सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. कमी झोपूनही थकवा न येणं ही मेनियाची सुरुवातीची खूण असू शकते. रोज नशा करून झोपणाऱ्याच्या घरी ती खूण ओळखूच येत नाही. झोप बदलली ती आजाराने, की आज गांजा कमी पडला म्हणून? मी त्यांना दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला.

व्यसनाचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. गांजा घेणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला त्याचं व्यसन जडतं. रोज घेणारा थांबला की एक-दोन आठवडे चिडचिड होते आणि झोप उडते. ‘बघा, त्याच्याशिवाय मला झोपच येत नाही’ असं मग तो म्हणतो, आणि घरच्यांना ते औषध वाटायला लागतं. बायपोलरमध्ये तर उडालेली झोपच पुढच्या झटक्याला आमंत्रण देते.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २०१८ मध्ये गांजातल्या सीबीडी या घटकापासून बनवलेल्या औषधाला मान्यता मिळाली ती अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी. बायपोलरसाठी नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गांजा सर्वांत कडक यादीतून काढला, पण नियंत्रणाच्या पहिल्या यादीत तो अजूनही आहे. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा लागू आहेच. किलोच्या आतला गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मेसेजची शेवटची ओळ आहे: ‘डॉक्टरांना सांगू नका, ते ओरडतील.’ हिचा मला खरोखर संताप येतो. तंबाखूचा असो की गांजाचा, धुराने ओलान्झापिन हे बायपोलरवरचं औषध शरीरातून लवकर निघून जातं. डॉक्टरांना ते माहीत नसेल तर डोस पुरत नाही आणि का पुरत नाही ते कुणालाच उमगत नाही. सीबीडीचं तेल व्हॅल्प्रोएट या बायपोलरवरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर घेतलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. तुम्ही डॉक्टरांना जे सांगाल ते गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. गांजा सुटत नसेल तरी लिथियम स्वतःहून थांबवू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत फुकट बोलता येतं. जाताना चालू चिठ्ठी आणि लेव्हलचा शेवटचा रिपोर्ट न्या, आणि गांजा किती, कधीपासून, तंबाखूत मिसळून की नुसता, हे तिथे सरळ सांगा.